पाण्याखालची विहीर आणि सातबारावरची बाई
(नाशिक येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या सत्रात आपण एक छोटा खेळ खेळलो. प्रत्येकीला कोरा कागद दिला आणि सांगितलं, लहानपणीचं गाव काढा. चाळीस जणींनी चाळीस कागद भरले. ते सगळे आता भिंतीवर लावले आहेत. एकदा नीट पाहा. जवळजवळ प्रत्येकीने पहिल्यांदा काय काढलंय? विहीर, नाहीतर नदीवरची धुण्याची जागा. मग घर, मग देवीचं ठाणं, मग सरपणाला जायची वाट. ग्रामपंचायतीचं ऑफिस तीनच कागदांवर आहे. आणि गावाची शीव कुणीही काढलेली नाही.

आता हाच खेळ पुरुषांच्या गटात घेतला तर काय होतं? मी दोन-तीनदा घेऊन पाहिलाय. ते आधी रस्ता काढतात, मग पार, मग स्वतःचं शेत आणि त्याचा बांध. यात कुणी चूक नाही. ज्याचे पाय जिथे चालतात, ते त्याच्या नकाशात येतं. प्रश्न पुढे आहे. सरकारी नकाशा ज्यांनी काढला त्यांचे पाय कुठे चालले होते? आणि त्या नकाशात आपल्या आज्या-पणज्या सापडतात का? मी आज याबद्दल बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मारहाणीच्या केसेस पडल्यात, पोटगीचे अर्ज पडलेत, आणि या बाई नकाशे घेऊन कुठे आल्या? थोडं थांबा. वर्षानुवर्षं आपण बायकांच्या जमिनीबद्दल बोलतो आहोत. या जिल्ह्यात तर जास्तच. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, खेड्यापाड्यांतून लाखाच्या घरात बायका आल्या. पुढे १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावावर करायचा, आणि गावात शंभर जणांनी केलं की त्या गावाचा सत्कार. तेव्हा आपल्यातल्या काहींना हे पटलं होतं, काहींना ‘हक्क मागायचा की दान घ्यायचं’ असा प्रश्न पडला होता. तो वाद आजही करण्यासारखा आहे. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती : कागदावर नाव नाही म्हणजे बाई उद्या घराबाहेर.

कागद म्हटला की आपल्या डोळ्यासमोर सातबारा येतो. सातबाराच्या अलीकडे मात्र एक कागद असतो, तो म्हणजे नकाशा. तो आपण बघतच नाही. ‘ते मोजणीवाल्यांचं काम’ असं म्हणून सोडून देतो. म्हणून आज तो तुमच्यापुढे पसरते आहे.

वंशावळ आणि जागा

आधी एक साधी गोष्ट. घराण्याचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपल्याकडे वंशावळ काढतात. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. बाई आलीच तर ‘पत्नी’ म्हणून, तीही सासरी बदललेल्या नावाने. मुलगी लग्न होऊन गेली की रेघ तिथेच संपते. आईकडच्या बाजूने मागे जायचं म्हटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत नावच हाती राहत नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणींना आजीच्या आईचं माहेरचं नाव सांगता येईल? हात वर करा. चार. माझाही हात खाली आहे, बरं का.

अलीकडे थोडं बदलतंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहिणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण मागच्या दोनशे वर्षांतल्या बायकांचं काय?

त्यांचं नाव हरवलं, पण जागा हरवलेली नाही. तुमच्या आजीला तिच्या आजीचं नाव सांगता येत नसेल. पण ‘ती नदीपलीकडच्या वाडीतली, जिथे दोन चिंचा होत्या आणि वाटेत खिंड लागायची’ हे ती नक्की सांगेल. माहेरच्या वाटेची आठवण बायका शेवटपर्यंत जपतात. तेव्हा आपला इतिहास शोधायचा तर नावाऐवजी जागेवरून सुरुवात करायला हवी. आणि जागा शोधायला जुन्या नकाशासारखं साधन नाही.

हा कागद कसा वाचायचा

हा बघा. याला स्थलदर्शक नकाशा म्हणतात, बोलताना सगळे टोपोशीट म्हणतात. हे काम करणारा भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केला. कशासाठी? फौज कुठून न्यायची, सारा किती मिळेल, हे कळण्यासाठी. हे आधीच लक्षात ठेवा. हा नकाशा राज्य करणाऱ्यांनी राज्य करण्यासाठी काढला. आपल्या आजीचं माहेर सापडावं म्हणून काही काढला नव्हता.

जुन्या पत्रकाचं प्रमाण एक इंचाला एक मैल. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली आणि ते दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर झालं. प्रत्येक पत्रकाला आकडा आणि अक्षर असतं. आपल्या नाशिकची गंमत अशी की वीस अंश उत्तर अक्षांशाची रेघ बरोबर शहरातून जाते. त्यामुळे पंचवटी एका पत्रकावर, ४६ एच/१६ वर, आणि नाशिकरोड-देवळाली दुसऱ्यावर, ४७ ई/१३ वर. गंगापूर धरणाचा जलाशय ४६ एच/१२ वर आणि त्र्यंबकेश्वर ४७ ई/९ वर. म्हणजे नाशिकची सून त्र्यंबकची असेल तर तिच्या सासर-माहेरासाठी दोन वेगळे कागद लागतात!

रंगांचा अर्थ सोपा आहे. पिवळं म्हणजे वहितीची जमीन. हिरवं म्हणजे जंगल. लाल ठोकळे म्हणजे घरं, लाल रेघा म्हणजे रस्ते. निळं म्हणजे पाणी. पण उन्हाळ्यात आटणारा ओढा काळ्या रेघेने काढतात. पाण्याला उन्हाळ्यात किती पायपीट करायची ते या काळ्या-निळ्यावरून कळतं. तपकिरी वळणदार रेघा म्हणजे उंची. रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा. डोक्यावर हंडा घेऊन ती वाट चढणारी बाई डोळ्यासमोर आणा, म्हणजे या रेघा पाठ कराव्या लागणार नाहीत.

बारीक खुणा बघा. विहीर, देऊळ, मशीद, ईदगा, कबरी, पडका किल्ला. ओसाड गावाला वेगळी खूण आहे. झोपड्यांनाही दोन खुणा आहेत, ‘कायम’ आणि ‘तात्पुरत्या’. ही शेवटची खूण डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या समासातली तारीख. छापल्याचं साल वेगळं आणि पाहणी झाल्याचं साल वेगळं. नकाशा छापलाय एका साली आणि मोजलाय त्याआधी वीस वर्षं, असं सर्रास होतं. साल बघितल्याशिवाय ‘इथे वस्ती होती’ किंवा ‘नव्हती’ असं बोलू नये. तारीख न छापलेल्या नकाशाचा अंदाज बांधायच्याही युक्त्या आहेत. नाशिकरोड स्टेशनहून शहरात येणारी घोड्यांची ट्राम १८८९ मध्ये सुरू झाली आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत बंद पडली. नकाशात ती रेघ दिसली तर पाहणी त्या काळातली. दारणा धरणाचं पाणी दिसलं तर १९१६ नंतरची. गंगापूर धरण दिसलं नाही तर १९६५ च्या आधीची.

आजीची विहीर

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून कोर्टात भांडताहेत.

माझ्या आईची आई गोदावरीकाठच्या एका वाडीतली. गंगापूर धरणात ती वाडी गेली. आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं, धरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. म्हणजे तिचं माहेर बुडालं तेव्हा ती सासरी होती. उठताना काय झालं, पैसे किती मिळाले, तिला कुणी विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

म्हातारपणी ती एक गोष्ट सारखी सांगायची. तिची एक आत्या होती. कमी वयात विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिच्या बापाने ओढ्यापलीकडचा जमिनीचा तुकडा तिला चोळीबांगडीसाठी दिला होता. तिथे तिची स्वतःची विहीर होती. आजी म्हणायची, ‘आत्या कुणाच्या चुलीवर अवलंबून नव्हती. भुईमूग करायची, स्वतः नाशकाला विकायला यायची.’

आमचे मामालोक हसायचे. ‘म्हातारीला भास होतात. ओढ्यापलीकडे आपलं कधी काही नव्हतं. तिकडे डोंगरच होता नुसता.’ आणि आम्हा मुलींनाही ते खरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मी तेव्हा स्त्री-मुक्तीच्या मोर्च्यांत घोषणा देत होते, आणि घरातल्या बाईच्या साक्षीपेक्षा मामांच्या हसण्यावर विश्वास ठेवत होते.

पुढे एका निवृत्त भूगोल शिक्षिकेच्या घरी एक जुनं टोपोशीट पाहायला मिळालं. मागून कापड लावलेलं, घड्यांवर फाटलेलं, धरणाच्या आधीचं. मी सहज म्हणून ती वाडी शोधली. नाव सापडेना. इंग्रजी स्पेलिंगात आपल्या गावांची जी दशा होते ती तुम्हाला माहीत आहे. मग आजीची वाट धरली. मोठ्या वडापासून खाली, देवीचं ठाणं, ओढा. सापडली. आणि काळ्या रेघेच्या ओढ्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी पिवळ्या रंगाची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात विहिरीची खूण होती.

त्या कागदाची प्रत आजीपुढे ठेवली तेव्हा तिला दिसत फारसं नव्हतं. मी तिचं बोट धरून वडापासून ओढ्यापर्यंत नेलं. ती एवढंच म्हणाली, ‘आता पुढं चढ लागंल.’ आणि तपकिरी रेघा खरंच तिथे जवळ येत होत्या.

नकाशावर आत्याचं नाव नव्हतं, नसणारच. टोपोशीट जमिनीचा मालक सांगत नाही. पण ‘तिकडे शेत नव्हतंच’ हे म्हणणं खोटं पडलं. तेवढ्या आधारावर मी भूमी अभिलेखाचे जुने कागद काढायला लागले. एका कार्यालयात चार वेळा ‘सापडत नाही’ ऐकलं. पाचव्या वेळी एक जुना फेरफार सापडला. त्यात त्या तुकड्याला आत्याचं नाव लागलेलं होतं, ‘हयातीपर्यंत’ असं लिहून. पुढच्या नोंदीत ते नाव कमी झालं होतं आणि भावाचं चढलं होतं. धरणाचा मोबदला भावानेच घेतला. आत्या तोपर्यंत वारली होती की नव्हती, ते कागद सांगत नाही. आजी सांगायची की ती होती, आणि शेवटची वर्षं तिने भावाच्या ओसरीवर काढली.

यातून पैसा मिळाला का? नाही. मिळणारही नव्हता, मुदत कधीच संपली होती. पण दोन गोष्टी झाल्या. आमच्या घरच्या वंशावळीत आत्याचं नाव लिहिलं गेलं, पहिल्यांदा. आणि माझ्या मामेबहिणी जागच्या झाल्या. उरलेल्या जमिनीवर त्यांच्या भावांनी हक्कसोड-पत्रं तयार ठेवली होती. ‘सही कर, राखीपौर्णिमेला साडी देतो’ अशी. त्यांनी सही केली नाही. कोर्टातलं भांडण चाललंय ते हेच.

टोपोशीटवरून सातबाराकडे

म्हणजे टोपोशीट हा मालकीचा पुरावा नाही, हे पक्कं समजून घ्या. कुणी उत्साहाने हा नकाशा घेऊन तहसीलदारापुढे उभी राहील तर तो परत पाठवेल, आणि ते बरोबरच आहे. टोपोशीट सांगतं की इथे काय होतं. कुणाचं होतं, ते महसुली कागद सांगतात.

महसुली मोजणीचा इतिहास वेगळा. आपल्या भागातली मोजणीची पद्धत १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून बसवली गेली, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी. तेहेतीस फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे एकर. आपण आजही याच मापात भांडतो. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याचं टिपण झालं, आणि सगळे नंबर जोडून गावनकाशा तयार झाला. शेताचा धारक म्हणून नाव लागलं ते बहुतेक ठिकाणी पुरुषाचं. विधवेचं लागलं तर मुलगा सज्ञान होईपर्यंत.

पुढे १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. बायकांच्या नावचे छोटे तुकडे या उलथापालथीत कसे कुठे गेले, हा अभ्यासाचा विषय आहे. आपल्या गटांनी एकेका गावापुरता तरी तो करावा. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर जुळवायचा, प्रत्येक फेरफार पाहायचा, आणि कुठल्या पायरीवर बाईचं नाव गळलं ते लिहून ठेवायचं. आणखी एक बघायचं. बहिणींची नावं कब्जेदाराच्या रकान्यात आहेत की ‘इतर हक्क’ मध्ये ढकलली आहेत? ‘नाव लावलंय की’ असं सांगून पुष्कळ जणींची समजूत तिथेच काढली जाते.

कायदा थोडक्यात सांगते, कारण याबाबत गोंधळ फार आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे माझ्यासारख्या सगळ्या बाहेर. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना तो मिळाला. त्या तारखेला बाप हयात असायला हवा होता का, यावर पंधरा वर्षं वाद चालला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. आणि हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, हे पेठ-सुरगाण्यात काम करणाऱ्या मैत्रिणींनी विसरू नये.

पाड्यावरची वाट

पेठ-सुरगाण्याचं नाव निघालंच आहे. टोपोशीटचा खरा उपयोग आज तिथे आहे.

२००६ चा वनहक्क कायदा तुम्हाला माहीत आहे. मार्च २०१८ मध्ये याच नाशकातून हजारो शेतकरी-आदिवासी मुंबईला पायी गेले, त्यांच्या मागण्यांत वनजमिनीचा हक्क पुढे होता. त्या मोर्च्यातल्या बायकांचे फुटलेले तळपाय सगळ्या देशाने पाहिले. या कायद्यातलं एक कलम आपलं आहे. लग्न झालेल्यांच्या बाबतीत जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा, आणि एकट्या कुटुंबप्रमुखाचा त्याच्या किंवा तिच्या नावे. बायकोला नवऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

दाव्याला पुरावा लागतो. तो कोणता चालेल याची यादी कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, आहे. गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जुनी घरं, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वंशावळ. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, मात्र दावेदार सोडून इतरांचा. यातले एकाहून जास्त पुरावे बघायचे असा नियम आहे. म्हणजे नकाशा एका हातात आणि म्हाताऱ्या बाईचा जबाब दुसऱ्या हातात, हे दोन्ही कायद्याने पुरावेच आहेत. माझ्या आजीच्या बोलण्याला घरात जी किंमत मिळाली नाही, ती या नियमाने पाड्यावरच्या आजीला दिली आहे.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. सामूहिक हक्काचा दावा तयार करायचा होता. आधीच्या मसुद्यात पुरुषांनी शेतं लिहिली होती, गुरचरण लिहिलं होतं. आम्ही नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि बायकांना म्हटलं, ‘तुमची वाट दाखवा.’ दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग एका म्हातारीने झऱ्याची निळी खूण ओळखली, आणि दोन तासांत वाटांची यादी झाली. मोहाची फुलं वेचायची जागा, कडू कंद काढायचा उतार, उन्हाळ्यातला झरा, बाळंतिणीचं औषध मिळतं तो कडा, डोंगरातलं देवाचं ठाणं. मसुद्यात यातलं काहीही नव्हतं. आणि यातल्या तीन वाटा तुटक रेघांनी जुन्या नकाशात काढलेल्या होत्या. साहेबाच्या माणसाने कधीतरी त्याच वाटेने जाऊन त्या मोजल्या होत्या. दावा पुन्हा लिहिला गेला. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असल्या पाहिजेत असा नियम आहेच. तिथे त्या होत्या, पण सहीपुरत्या. त्या दिवसानंतर समितीच्या बैठकीत त्या बोलायला लागल्या.

पण याच नकाशाने एका दुसऱ्या पाड्यावर दगा दिला. तिथली वस्ती नकाशावर नाहीच. आणि शेजारच्या वस्तीला खूण होती ‘तात्पुरत्या झोपड्यां’ची. झालं. ‘तुम्ही इथले नव्हताच, फिरते होता’ असं ऐकवायला लोक मोकळे झाले. मघाशी ही खूण लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. कुडाचं घर पाहणी करणाऱ्याला तात्पुरतं वाटलं. पण त्याच घरात तीन पिढ्यांची बाळंतपणं झाली होती. अशा वेळी ठासून सांगायचं : नकाशात आहे म्हणजे होतं, हे खरं. नकाशात नाही म्हणजे नव्हतं, हे खरं नाही. उपग्रहाच्या चित्रांबाबतही २०१२ मधल्या दुरुस्तीने हेच म्हटलंय, की ती इतर पुराव्याला जोड म्हणून वापरायची, बदली म्हणून नाही.

नकाशा काय सांगत नाही

नकाशावर विहीर म्हणजे एक ठिपका. त्या विहिरीवर कुणी पाणी भरायचं आणि कुणी लांब उभं राहून ओंजळ पसरायची, ते ठिपका सांगत नाही. काळाराम मंदिराची खूण नाशिकच्या नकाशावर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायकाही होत्या, आणि दार उघडलं नाही, हे नकाशा सांगत नाही. गावापासून थोडं सुटं, पूर्वेला किंवा ओढ्यापलीकडे, लाल ठोकळ्यांचं छोटं झुबकं दिसलं तर तिथे थांबा. तो कुणाचा वाडा होता ते विचारा, आणि त्यांची विहीर कुठे होती तेही विचारा. बायकांचा इतिहास लिहिताना ‘आपल्या गावच्या सगळ्या बायका’ असं म्हणून हा ओढा बुजवू नका.

गावांच्या नावांतही बायका क्वचितच दिसतात. इथल्या आनंदवल्लीचं नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून आलं असं सांगतात. अंजनेरी अंजनीची, सप्तशृंगी देवीची. म्हणजे नकाशावर यायचं तर बाईने पेशवीण व्हावं नाहीतर देवी! भुईमूग विकणाऱ्या आत्याने काय करावं?

शहरातल्या मैत्रिणींनाही सांगते, हे फक्त खेड्याचं काम नाही. जुन्या नाशकात सरस्वती नाला उघडा वाहायचा, आता तो रस्त्याखाली आहे. गोदापात्रातल्या कुंडांवर २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास काँक्रीट ओतलं गेलं. कार्यकर्त्यांनी १९१७ च्या सिटी सर्व्हेचा नकाशा पुढे ठेवला, त्यात सतरा कुंडं दाखवलेली होती. कागद नसता तर ‘इथे कुंड नव्हतंच’ असं म्हणायला किती वेळ लागला असता? ‘ओढ्यापलीकडे शेत नव्हतंच’ सारखंच ते.

कामाला कसं लागायचं

आता पुढच्या तीन महिन्यांचं काम. एकेका गटाने एकच गाव घ्यायचं.

सुरुवात नकाशाने करायची नाही. आधी गावातल्या चार-पाच वयस्क बायकांशी बोलायचं, वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या. त्यांच्या आठवणीतलं गाव त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, जमलं तर जमिनीवर रांगोळीने काढून घ्यायचं. नकाशा आधी दाखवला की बायका गप्प होतात. ‘सरकारी कागदात आहे तेच खरं असेल’ असं त्यांना वाटतं.

मग टोपोशीट मिळवायचं. हल्लीची पत्रकं भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांना खुले ठेवले आहेत. ते बारीक प्रमाणाचे आहेत, पण धरणांआधीच्या नद्या त्यात दिसतात. एक इंची जुनी पत्रकं महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत, जुन्या ग्रंथालयांत विचारा. कपाटावर गुंडाळून ठेवलेली असतात. गावनकाशा, टिपण, फेरफार यांच्यासाठी भूमी अभिलेख आणि तहसील. बरेच जुने कागद आता स्कॅन होऊन संगणकावर आले आहेत, पण त्यात अक्षर लागत नसेल तर मूळ पाहायचा आग्रह धरा. मोडीतला असेल तर वाचणारी व्यक्ती शोधा, आणि त्याहून बरं म्हणजे आपल्यातल्या दोघींनी मोडी शिका.

तिसरं, चालायचं. नकाशा घेऊन, त्या म्हाताऱ्या बायकांना नाहीतर त्यांच्या नातींना बरोबर घेऊन, गावातून फिरायचं. काय जुळतं, काय बुडालं, काय नांगरलं गेलं, त्याची नोंद करायची.

आणि शेवटी आठवण, टोपोशीट आणि महसुली कागद शेजारी शेजारी मांडायचे. जुळत नसतील तिथे घाईने कुणाला खोटं ठरवू नका. आठवणही चुकते, मोजणीही चुकते. पण जिथे दोन कागद आणि एक बाई एकच गोष्ट सांगतात, तिथे घट्ट पाय रोवून उभं राहायचं. एक पथ्यही पाळायचं. आपण गोळा केलेली माहिती गावाच्या परवानगीशिवाय बाहेर द्यायची नाही. औषधाचा कडा कुठे आहे ते कळलं की तिथे कोण येईल सांगता येत नाही. आणि सहहिस्सेदार बाईचं नाव तिच्या घरच्यांआधी आपण जाहीर केलं, तर मार तिला खावा लागतो.

पाऊस कमी झाला की मे महिन्यात गंगापूरचं पाणी खाली जातं. काठाचा चिखल उघडा पडतो, भेगा पडतात. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मामेबहिणी तिथे गेलो. आत्याची विहीर काही दिसली नाही. पाणी तेवढं उतरलं नव्हतं. आम्ही नकाशा उलगडून काठावर बसलो आणि ती कुठे असेल याचा अंदाज बांधला. सगळ्यात धाकटी, जी वीस वर्षं भावांपुढे एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्या घरात बाईची जमीन होती. आपण काही नवीन मागत नाही.’

तुमच्या तुमच्या गावात हे वाक्य कुणाला म्हणता येईल ते शोधून आणा. तीन महिन्यांनी भेटू, तेव्हा भिंतीवर या चाळीस कागदांशेजारी चाळीस नकाशे लावायचे आहेत. आणि आजीच्या आईचं नाव कुणाला सांगता येतं, तेही पुन्हा विचारणार आहे. तोवर माझंही मला शोधून आणायचं आहे.